इथलं काय, तिथलं काय: एसएसएच पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिला एका संस्थेच्या मोठ्या कम्प्युटरवर खातं मिळालं होतं. सोबत आलेल्या ईमेलमध्ये जेमतेम चार ओळी: एक पत्ता, एक यूजरनेम, तात्पुरता पासवर्ड आणि 'एसएसएचने लॉगिन करावे' एवढी सूचना. एसएसएच म्हणजे दूरच्या कम्प्युटरवर आपल्या जागेवरून सुरक्षितपणे काम करायची सोय. "मामा, काळी खिडकी उघडलीये. आता कुठं क्लिक करू?" क्लिक कुठंच करायचं नव्हतं. पुढचा दीड तास मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि ती टाइप करत गेली. हा लेख म्हणजे तो फोन, थोडा नीटनेटका केलेला.

म्हणूनच कमांडही इथं फोनवर सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना तुमचा कीबोर्ड इंग्रजीवर हवा. अक्षरं सगळी स्मॉल आणि आकडेही इंग्रजी. कॅपिटल हवं असेल तिथं मी वेगळं सांगेन. 'एसएसएच' म्हणजे एस, एस, एच ही तीन अक्षरं, मध्ये जागा न सोडता. '-पी' म्हणजे आधी डॅश आणि त्याला चिकटून पी. जिथं 'नाव' आणि 'पत्ता' दिसेल तिथं तुम्हाला मिळालेलं यूजरनेम आणि मशीनचा पत्ता घालायचा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एसएसएचमध्ये नेहमी दोन कम्प्युटर असतात: एक तुमच्या मांडीवरचा, दुसरा दूर कुठंतरी. एकाला 'इथलं' म्हणू, दुसऱ्याला 'तिथलं'. नवशिक्यांच्या दहा अडचणींपैकी आठ अडचणी ही कमांड इथं द्यायची की तिथं, ही फाइल इथली की तिथली, या गोंधळातून येतात असा माझा अनुभव आहे. बाकीच्या दोन पासवर्डच्या.

हे आहे तरी काय

दूरच्या मशीनवर बसल्याजागी काम करायची सोय एसएसएचच्या बरीच आधीपासून होती. टेलनेट नावाचा प्रोग्रॅम त्यासाठी वापरत. पण टेलनेट सगळं उघड पाठवायचा, पासवर्डसुद्धा. एसटी स्टँडवरच्या गर्दीत उभं राहून फोनवर एटीएमचा पिन ओरडून सांगावा, तसं. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेमकं तेच घडलं. तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी कान लावून पासवर्ड गोळा केले. त्यावर तातू इलोनेन या तिथल्याच संशोधकानं सगळं संभाषण सांकेतिक करून पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी तो लोकांना मोफत दिला. तो एसएसएच. त्याला पोर्ट (म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार) क्रमांक २२ मिळाला, कारण २१ वर फाइली पाठवणारा एफटीपी होता, २३ वर टेलनेट, आणि मधला रिकामा होता. आज आपण बहुतेक ठिकाणी वापरतो ती आवृत्ती ओपनएसएसएच. ती ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी १९९९ मध्ये आणली आणि तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

वेबसाइट चालवणारे, डेटा सायन्सवाले, कॉलेजातला प्रकल्प करणारे, घरी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कम्प्युटर घेऊन बसलेले, सगळ्यांना हेच लागतं. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला तेव्हापासून 'परम' हे नाव आपल्याला ओळखीचं आहे. आज देशभरच्या संस्थांमध्ये त्याच नावाचे महासंगणक आहेत, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ते यंत्र डोळ्यांनी कधी पाहिलेलंही नसतं. काळ्या खिडकीतून आत जायचं, काम करायचं, बाहेर यायचं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

पत्ता, यूजरनेम, आणि पासवर्ड किंवा किल्ली. पत्ता म्हणजे एक तर टिंबांनी जोडलेले चार आकडे, नाहीतर वेबसाइटसारखं नाव. पोर्ट २२ सोडून दुसरा असेल तर तोही विचारून घ्या. संस्थेचं मशीन असेल तर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: "बाहेरून येताना व्हीपीएन, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खाजगी रस्ता, लागतो का?" हे कुणी आपणहून सांगत नाही आणि माणूस रविवारभर डोकं आपटत बसतो.

यूजरनेम जसंच्या तसं लिहून घ्या. अशी मशीनं बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, आणि लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं आहेत. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं, नवं मशीन घेतलं असेल तर यूजरनेम बहुधा आधीच ठरलेलं असतं. उबुंटू या प्रकारच्या लिनक्सच्या मशीनवर ते 'उबुंटू' असतं; ॲमेझॉनच्या स्वतःच्या लिनक्सवर ईसी२, मग डॅश, मग यूजर.

काळी खिडकी उघडणं

विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं काही उतरवून घ्यायची बहुधा गरज नाही. २०१८ पासून ओपनएसएसएच विंडोजमध्येच येतं. स्टार्टमध्ये 'पॉवरशेल' शोधा आणि उघडा. मॅकवर 'टर्मिनल'. लिनक्सवाल्यांना सांगायला नको. जुन्या लेखांमध्ये पुट्टी नावाचा प्रोग्रॅम सुचवलेला दिसेल. तो चांगला आहे, विंडोजवाल्यांच्या एका पिढीचं घर त्यानं चालवलं, पण आज नव्यानं शिकणाऱ्यानं आधी साधी कमांडच शिकावी. ती सगळीकडे सारखीच चालते.

खिडकी उघडल्यावर एसएसएच, स्पेस, डॅश, मग कॅपिटल व्ही एवढंच टाइप करून एंटर दाबा. आवृत्तीचा आकडा दिसला तर सगळं जागेवर आहे.

पहिली भेट

आता खरी कमांड:

एसएसएच नाव@पत्ता

पोर्ट वेगळा असेल, समजा २२२२, तर:

एसएसएच -पी २२२२ नाव@पत्ता

नाव आणि ॲट यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. नाव द्यायला विसरलात तर प्रोग्रॅम तुमच्या इथल्या खात्याचं नाव घेऊन तिथं जातो आणि तिथं त्या नावाचं कुणी नसतं. भाचीचं पहिल्यांदा हेच झालं.

पहिल्या वेळी थेट आत जाता येत नाही. समोर इंग्रजीत तीन-चार ओळी येतात: या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, पुढं जायचं का? ठसा म्हणजे 'एसएचए२५६' नं सुरू होणारी अक्षरांची लांब माळ. जवळजवळ सगळेच इथं न वाचता 'येस' टाइप करतात. मीही वर्षानुवर्षं केलंय. पण हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. पासवर्ड देऊन तुम्ही तुमची ओळख पटवता. हा ठसा म्हणजे तिथल्या मशीनची ओळख. या पहिल्या भेटीत मध्येच कुणी तोतया बसला असेल तर तो ठसा जुळवूनच पकडता येतो. संस्थेनं ठसा छापून दिला असेल तर जुळवून पाहा. नसेल तर मशीन सांभाळणाऱ्यांना विचारा. ते चिडत नाहीत, उलट असं विचारणारी मुलं त्यांच्या लक्षात राहतात. नव्या आवृत्त्यांमध्ये 'येस'च्या जागी मिळालेला ठसाच पेस्ट करता येतो, म्हणजे जुळवायचं काम प्रोग्रॅमच करतो. आणि 'येस' टाइप करायचं तर पूर्ण शब्द हवा. नुसतं वाय चालत नाही.

होकार दिला की तो ठसा इथल्या, म्हणजे तुमच्या, कम्प्युटरवर 'नोन_होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये लिहिला जातो. पुढच्या वेळी ठसा तोच असला की प्रश्न येत नाही.

मग पासवर्ड. टाइप करताना काहीच दिसणार नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, कर्सरही हलत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते मुद्दाम तसं केलेलं आहे. न घाबरता टाइप करा आणि एंटर दाबा. आपल्या लोकांसाठी इथं एक खास खड्डा आहे: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. एरवी ते लगेच दिसलं असतं, पण इथं काही दिसतच नसल्यामुळे पासवर्ड देवनागरीत जात राहतो आणि माणूस संस्थेला शिव्या घालतो. तीनदा चुकलात तर हात कीबोर्डवरून काढा आणि खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा.

आपण आता कुठं आहोत?

आत गेल्यावर काही सूचना दिसतील आणि खाली नवी ओळ येईल. त्या ओळीच्या सुरुवातीला यूजरनेम आणि मशीनचं नाव असतं. याला प्रॉम्प्ट म्हणतात. ही तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची पाटी समजा. काही टाइप करण्याआधी ती वाचायची सवय लावून घ्या. शंका असेल तर 'होस्टनेम' ही कमांड द्या, म्हणजे आपण कोणत्या मशीनवर आहोत ते कळतं. 'हू-एम-आय' तिन्ही शब्द जोडून टाइप केलं की कोण म्हणून आहोत ते कळतं.

हे मी इतकं घोकतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, संध्याकाळी सातला घरी निघताना मी लॅपटॉप बंद करायला टर्मिनलवर 'सुडो शटडाउन नाऊ' टाइप केलं. लॅपटॉप चालूच राहिला. त्या खिडकीत मी दुपारपासून सर्व्हरवर होतो, हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. बंद पडला तो सर्व्हर, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलूपबंद खोलीत. बंद पडलेल्या मशीनमध्ये एसएसएचनं शिरता येत नाही हे मला त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर नीट कळलं.

बाहेर पडायला 'एक्झिट' टाइप करा, किंवा कंट्रोल आणि डी दाबा. कधीकधी नेट तुटतं आणि खिडकी गोठते, काहीच उमटत नाही. तेव्हा खिडकी बंद करण्याआधी हे करून बघा: एंटर, मग टिल्ड, मग टिंब. टिल्ड म्हणजे लाटेसारखी रेघ, ती बहुतेक कीबोर्डवर १ च्या डावीकडे असते. एसएसएच लगेच इथं परत आणून सोडतं.

आणि कंट्रोल-सी म्हणजे इथं कॉपी नव्हे. चालू असलेलं काम ते तिथल्या तिथं थांबवतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपी करायचं तर कंट्रोल-शिफ्ट-सी.

पासवर्डऐवजी किल्ली

इथं जरा सावकाश जाऊ, कारण एकदा हे जमलं की रोजचा त्रास संपतो.

किल्ली म्हणतात, पण तयार होतात दोन फाइली. एक 'प्रायव्हेट', दुसरी 'पब्लिक'. मी पहिलीला किल्ली म्हणतो आणि दुसरीला कुलूप. कुलूप हवं तितक्या दारांना लावा, कुणालाही द्या, चोरीला गेलं तरी बिघडत नाही. किल्ली मात्र तुमच्याच खिशात. पासवर्डमध्ये गुपित दर वेळी तिथं पाठवावं लागतं. किल्ली इथून कधीच हलत नाही, फक्त ती आपल्याकडे असल्याचा पुरावा पलीकडे जातो.

तर आधी 'एक्झिट' करून इथं या. हो, किल्ली इथं बनवायची, तिथं नाही. मग:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

कीजेन म्हणजे 'की' हा शब्द, त्याला जोडून जी, ई, एन. ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार. जुन्या लेखांमध्ये आरएसए दिसेल. तीही चालते, पण नवीन बनवताना हीच बनवा, लहान आहे आणि भक्कम आहे. फाइल कुठं ठेवायची असं विचारेल, तिथं नुसतं एंटर. 'आधीच अशी फाइल आहे, तिच्यावर लिहू का' असं विचारलं तर मात्र थांबा आणि नाही म्हणा. जुनी किल्ली पुसली गेली की जिथं जिथं तिचं कुलूप लावलंय ती सगळी दारं बंद होतात.

मग पासफ्रेज विचारतं. हा किल्ली ठेवायच्या डबीचा पासवर्ड. रिकामा सोडता येतो, पण सोडू नका. लॅपटॉप हरवला तर तेवढाच आधार. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर 'एसएसएच-ॲड' कमांड दिली की एजंट नावाचा मदतनीस किल्ली स्मरणात ठेवतो आणि पुन्हा पुन्हा विचारत नाही.

आता 'डॉट एसएसएच' नावाच्या फोल्डरात दोन फाइली आल्या. आयडी_ईडी२५५१९ ही किल्ली. तेच नाव आणि शेवटी '.पब' असलेली फाइल हे कुलूप. ते तिथं पोचवायचं. मॅक आणि लिनक्सवर त्यासाठी एक कमांड पुरते:

एसएसएच-कॉपी-आयडी नाव@पत्ता

शेवटचा पासवर्ड द्यायचा, झालं. विंडोजवर ही कमांड सहसा नसते. तिथं '.पब'वाली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत एकच लांब ओळ दिसेल; ती पूर्ण कॉपी करा. मग पासवर्डनं तिथं लॉगिन करा, तिथल्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात 'ऑथोराइज्ड_कीज' नावाच्या फाइलच्या शेवटी नव्या ओळीवर ती पेस्ट करा आणि सेव्ह करा. फोल्डर नसेल तर तयार करा. ओळ मध्ये तुटता कामा नये. नोटपॅडनं वळवून दाखवली असली तरी ती एकच ओळ आहे.

त्यानंतर तिथंच या दोन कमांड (लाटेसारखी रेघ म्हणजे तुमचं घरचं फोल्डर):

सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथोराइज्ड_कीज

म्हणजे हे फोल्डर आणि ही फाइल फक्त मालकालाच उघडता येईल. हे केलं नाही आणि परवानग्या सैल असल्या तर एसएसएच कुलूप सरळ दुर्लक्षित करतं, आणि कारण तुम्हाला सांगतही नाही.

भाचीला तिथल्या व्यवस्थापकांनी 'पब्लिक की ईमेलनं पाठवा' असं सांगितलं होतं. तिनं घाईत '.पब' नसलेली फाइल जोडली. तासाभरात उत्तर आलं: ही किल्ली आता टाकून द्या, नवी बनवा. बरोबरच होतं. उघडून पाहिलंत तर फरक लगेच कळतो. किल्लीच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असं ठळक लिहिलेलं असतं. कुलपाची ओळ 'एसएसएच-ईडी२५५१९' नं सुरू होते.

टोपणनावाची फाइल

रोज लांबलचक पत्ता कशाला लिहायचा? इथल्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची साधी मजकुराची फाइल करा आणि तिच्यात लिहा:

होस्ट लॅब
    होस्टनेम पत्ता
    यूजर नाव
    पोर्ट २२
    सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

यापुढं 'एसएसएच लॅब' एवढंच पुरतं. शेवटची ओळ दर ६० सेकंदांनी हळूच "आहेस ना?" असं विचारत राहते, त्यामुळं चहाला उठलात तरी कनेक्शन सहसा तुटत नाही. विंडोजवाल्यांनो, नोटपॅड या फाइलला गुपचूप '.टीएक्सटी' शेपूट लावतो आणि मग ती वाचलीच जात नाही. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा.

काही संस्थांमध्ये आधी फाटकावरच्या मशीनवर जायचं आणि तिथून आतल्या मशीनवर, अशी पद्धत असते. त्यासाठी दोनदा लॉगिन करायला नको. 'एसएसएच -जे नाव@फाटक नाव@आतलं' असं दिलं की एका दमात आत. इथला जे कॅपिटल.

फाइली नेणं-आणणं

हे इथं उभं राहून करायचं. नवशिके आत जातात आणि तिथून आपल्या लॅपटॉपवर फाइल 'पाठवायला' बघतात. तिथल्या मशीनला तुमचा लॅपटॉप कुठं आहे हे माहीतच नसतं.

एससीपी निकाल.सीएसव्ही नाव@पत्ता:

ही कमांड इथली फाइल तिथल्या तुमच्या घरच्या फोल्डरात नेते. शेवटचा विसर्ग, म्हणजे कोलन, फार महत्त्वाचा आहे. तो राहिला तर एससीपी बिचारं इथंच 'नाव@पत्ता' नावाची नवी फाइल करून मोकळं होतं आणि तुम्हाला वाटतं, गेली. उलट आणायचं तर क्रम उलटा, आणि शेवटी टिंब, म्हणजे 'मी आहे त्या फोल्डरात':

एससीपी नाव@पत्ता:निकाल.सीएसव्ही .

अख्खं फोल्डर असेल तर '-आर' जोडा. पोर्ट वेगळा असेल तर इथं पी कॅपिटल लागतो. स्मॉल पी आधीच फाइलींच्या तारखा जपण्यासाठी अडकलेला होता. या एका अक्षरानं जगभरात किती वेळ खाल्लाय देव जाणे. वर सांगितलेली कॉन्फिग फाइल केली असेल तर पोर्टची भानगडच उरत नाही, कारण ती एससीपीलाही लागू पडते.

मोठ्या फाइली आणि आपलं गावाकडचं नेट असेल तर फाइली नेणारा आरसिंक हा दुसरा प्रोग्रॅम शिका. 'आरसिंक -एव्हीपी' मधला शेवटचा पी कॅपिटल. अर्ध्यात तुटलं तर पुन्हा तीच कमांड द्यायची. पोचलेल्या फाइली ते सोडून देतं आणि बाकीच्या नेतं.

लाइट गेली तर?

तिथं एखादं काम सुरू केलंत, चार तासांचं, आणि इकडं वीज गेली. एसएसएचची खिडकी मेली की तिच्यात चाललेलं कामही सहसा मरतं. यावर उपाय तिथल्या मशीनवर 'टीमक्स' चालवणं:

टीमक्स न्यू -एस काम

आता जी खिडकी दिसते ती तिथल्या मशीनची आहे, तुमच्या नेटवर अवलंबून नाही. काम सुरू करा, मग कंट्रोल-बी दाबून सोडा आणि डी दाबा. बाहेर आलात, काम आत चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन करून:

टीमक्स अटॅच -टी काम

महासंगणकावर असाल तर एक शिष्टाचार पाळा. लॉगिन केल्यावर जिथं पोचता ती ओसरी असते, सगळ्यांची. तिथं जड काम चालवलंत तर इतर सगळ्यांचं लॉगिन रेंगाळतं आणि तुमचं खातं बंद होऊ शकतं. काम रांगेत लावायची सोय वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी स्लर्म नावाची. तिची माहितीपत्रिका मागून घ्या.

तिथं चालणारी ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायची वही, इथल्या ब्राउझरमध्ये बघायची असेल तर बोगदा काढता येतो. भाचीला सगळ्यात जास्त आवडलेली कमांड ही:

एसएसएच -एल ८८८८:लोकलहोस्ट:८८८८ नाव@पत्ता

एल कॅपिटल. पहिले ८८८८ इथले, दुसरे तिथले. ती खिडकी उघडी ठेवून इथल्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८८८८ उघडायचं.

अडलं तर

एसएसएच कमी बोलतं, पण जे बोलतं ते मोजकं आणि खरं. ओळ वाचा.

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम': पत्त्याचं नावच सापडलं नाही. स्पेलिंग चुकलंय किंवा नेट बंद आहे.

'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' यांतला फरक ओळखायला शिका, निम्मं निदान तिथंच होतं. रिफ्यूज्ड झटकन येतं: घर सापडलं, पण त्या दारावर कुणी नाही. पोर्ट चुकलाय, किंवा तिथं एसएसएचची सेवाच सुरू नाही. टाइम्ड आउट बराच वेळ थांबवून येतं: हाक मारली, कुठूनच ओ नाही. मशीन बंद, पत्ता चुकीचा, मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणारा पहारा, किंवा तोच विसरलेला व्हीपीएन. पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर तो घरातल्या घरातला पत्ता आहे. घरच्या वायफायवरून तो चालेल, कॉलेजमधून चालणार नाही.

'परमिशन डिनाइड' आलं तर आनंद माना, कारण तुम्ही दारापर्यंत पोचलात. कंसात काय लिहिलंय ते बघा. तिथं ते मशीन कोणती ओळख मान्य करतं याची यादी असते. नुसतं 'पब्लिककी' असेल तर पासवर्ड तिथं चालतच नाही, कितीही वेळा द्या. मग यूजरनेम बरोबर आहे ना, कुलूप तिथं लागलंय ना, किल्ली हीच ना, हे क्रमानं तपासा. किल्ली वेगळ्या जागी ठेवली असेल तर '-आय' लिहून तिचा मार्ग द्या.

'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' अशी मोठी चौकट आली तर इथल्या किल्लीच्या परवानग्या सैल आहेत. 'सीएचमॉड ६००' त्या किल्लीवर चालवा. 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणजे एजंटकडे खूप किल्ल्या झाल्यात आणि तो एकेक करून सगळ्या लावून बघतोय. कॉन्फिगमध्ये योग्य किल्लीचा मार्ग देऊन 'आयडेंटिटीजओन्ली येस' लिहा.

आणि ती भीतिदायक चौकट: 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड'. म्हणजे नोन_होस्ट्समध्ये लिहिलेला ठसा आणि आज मिळालेला ठसा जुळत नाहीत. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मशीन नव्यानं उभं केलंय, किंवा तोच पत्ता दुसऱ्या मशीनला मिळालाय. पण आधी विचारून खात्री करा. त्यानंतरच इथं 'एसएसएच-कीजेन -आर पत्ता' (आर कॅपिटल) देऊन जुना ठसा पुसा. खात्री न करता पुसणारी कमांड सांगणारे मित्र खूप भेटतील.

काहीच कळेना तर कमांडला '-व्ही' जोडा. प्रोग्रॅम काय काय करतोय ते सगळं सांगत सुटतो: कुठं गेला, कोणती किल्ली पुढं केली, काय उत्तर आलं. मदत मागताना हेच पाठवा, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. एक मात्र खरं, व्हॉट्सॲपवरून आलेली कमांड तशीच पेस्ट करू नका. वाटेत डॅशची लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

सरावाला मशीन नसेल तर

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. पायवर एसएसएच २०१६ पासून आपोआप सुरू नसतं आणि २०२२ पासून त्याचं जुनं ठरलेलं यूजरनेमही गेलंय, त्यामुळं कार्ड तयार करतानाच दोन्ही ठरवा. स्वतःचं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवणार असाल तर पासवर्डनं लॉगिन बंद करा: तिथल्या 'एसएसएचडी_कॉन्फिग' मध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो'. हे करताना चालू खिडकी बंद करू नका. 'सुडो एसएसएचडी -टी' देऊन फाइल तपासा, सेवा पुन्हा सुरू करा, आणि दुसऱ्या खिडकीतून किल्लीनं आत जाता येतंय हे बघा. मगच पहिली सोडा. दोर कापण्याआधी दुसरा दोर बांधलेला बरा.

लॅपटॉप विकणार असाल, बदलणार असाल किंवा तो हरवला असेल, तर तिथं जाऊन ऑथोराइज्ड_कीजमधून त्या लॅपटॉपची ओळ काढून टाका. प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणत्या मशीनवर किल्ली बनवली ते बहुधा लिहिलेलं असतं, त्यावरून ओळखता येते. प्रत्येक लॅपटॉपची किल्ली वेगळी ठेवलीत तर एकच ओळ काढावी लागते. भाचीनं तीन मशीनवर एकच किल्ली कॉपी करून ठेवली होती. परवा तिन्ही मशीनसाठी नवी, वेगवेगळी बनवून घेतली.